समुद्रातील तेलगळतीनंतर मच्छीमारांनी भरपाईचा दावा कसा करावा : पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

समुद्रात तेल सांडले की किनाऱ्यावरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो भरपाईसाठी अर्ज कोणाकडे करायचा हा. याचे एकच एक उत्तर नाही. तेल कोठून आले यावर दाव्याचा मार्ग ठरतो. मार्ग चुकला, तर अर्ज कितीही नीट लिहिलेला असला तरी खऱ्या दाव्याची मुदत मधल्या काळात संपून जाऊ शकते. म्हणून अर्जाचा कागद हातात घेण्यापूर्वी तेलाचा उगम काय, ते टँकरमधून आले, दुसऱ्या एखाद्या जहाजातून आले की समुद्राखालच्या तेलवाहिनीतून अथवा किनाऱ्यावरच्या प्रकल्पातून आले, हे लेखी स्वरूपात कळवून घ्यावे. ही माहिती तटरक्षक दल, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा संबंधित बंदर प्राधिकरण यांच्याकडे मागता येते.

तेल टँकरमधून सांडले असेल तर मच्छीमाराची बाजू सर्वांत भक्कम असते. 1992 चा नागरी दायित्व करार आणि त्याच वर्षीचा आंतरराष्ट्रीय तेल प्रदूषण भरपाई निधी या दोन्हींचा भारत सदस्य आहे. या करारानुसार टँकरच्या मालकावर थेट जबाबदारी येते, म्हणजे मालकाची किंवा कप्तानाची चूक झाली होती हे दावेदाराला सिद्ध करावे लागत नाही. युद्ध, तिऱ्हाइताने हेतुपुरस्सर केलेला घातपात, दीपगृहासारख्या नौकानयनाच्या साधनांची देखभाल करण्यात सरकारने केलेली हयगय अशी मोजकीच कारणे मालकाला सुटकेसाठी पुढे करता येतात. 2,000 टनांहून अधिक तेल वाहून नेणाऱ्या टँकरला विमा सक्तीचा असल्यामुळे दावा विमा कंपनीकडेही थेट दाखल करता येतो. मालकाच्या जबाबदारीला मात्र मर्यादा आहे. 5,000 टनांपर्यंतच्या (येथे टन म्हणजे जहाजाचे नोंदणीतील सकल टनमान) टँकरसाठी ती 45.1 लाख एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची विशेष एकके, इतकी आहे. त्यापुढे प्रत्येक टनामागे ती 631 एसडीआरने वाढत जाते आणि 1,40,000 टनांवरील टँकरसाठी 8.977 कोटी एसडीआरवर थांबते. नुकसान त्याहून मोठे असेल, मालक सुटकेच्या कारणात बसत असेल किंवा पैसे देऊ शकत नसेल, तर लंडनस्थित निधी पुढे येतो आणि मालकाचा हिस्सा धरून एका घटनेसाठी एकूण 20.3 कोटी एसडीआरपर्यंत भरपाई देतो. युद्धासारख्या प्रसंगी मात्र निधीही बांधील नसतो. हा करार केवळ टिकाऊ तेलासाठी, म्हणजे पाण्यावरून लवकर उडून न जाणाऱ्या तेलासाठी आहे. कच्चे तेल, जड इंधन तेल, वंगण तेल त्यात बसते. पेट्रोल आणि रॉकेल बसत नाही.

मुंबईच्या मच्छीमारांना आठवणारी घटना मात्र टँकरची नव्हती. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे 800 टन तेल समुद्रात गेले. चित्रा हे कंटेनर जहाज होते व सांडलेले तेल त्याचे स्वतःचे इंधन होते. अशा घटनेत वरचा निधी लागू होत नाही, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. येथे प्रामुख्याने दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे सागरी दाव्यांसंबंधीच्या 2017 च्या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावणे. त्यात पर्यावरण, किनारा आणि संबंधित हितसंबंधांना जहाजाने पोहोचवलेली हानी हा दाव्याचा मान्य विषय आहे आणि जहाज अडकवून ठेवण्याचा आदेशही मागता येतो. जहाज एकदा भारतीय पाण्याबाहेर गेले की वसुली अवघड होते, त्यामुळे मच्छीमार सहकारी संस्थेने वकील पहिल्याच आठवड्यात गाठावा. दुसरा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आहे. मुंबईच्या किनाऱ्याजवळ ऑगस्ट 2011 मध्ये कोळशासह बुडालेल्या रॅक कॅरियर जहाजाच्या प्रकरणात याच न्यायाधिकरणाने 2016 मध्ये 100 कोटी रुपयांच्या पर्यावरणीय भरपाईचा आदेश दिला होता.

वाहिनी, तेलविहीर किंवा किनाऱ्यावरचा प्रकल्प यांतून गळती झाली असेल तर हरित न्यायाधिकरण हाच मुख्य मार्ग आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. अर्ज नुकसानीचे कारण प्रथम उद्भवल्यापासून 5 वर्षांत करावा लागतो आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात. भरपाई मागताना मागितलेल्या रकमेच्या 1 टक्का, किमान 1,000 रुपये, शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला त्यातून सूट आहे. व्यवसाय किंवा रोजगार बुडणे आणि खासगी मालमत्तेची हानी ही भरपाईची स्वतंत्र शीर्षके कायद्याच्या अनुसूचीतच दिलेली असल्यामुळे अर्जातील रकमा त्याच शीर्षकांखाली मांडाव्यात. दुसऱ्या न्यायालयात किंवा प्राधिकरणाकडे अर्ज केला असेल अथवा काही रक्कम मिळाली असेल तर ती कळवणे बंधनकारक आहे. कोळी समाजाने हा मार्ग वापरलेला आहे. उरण-पनवेल परिसरातील बंदर विस्तार आणि भरावामुळे मासेमारी गमावलेल्या 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये देण्याचा आदेश पुणे खंडपीठाने फेब्रुवारी 2015 मध्ये दिला होता.

पावसाळ्यात मुंबई, अलिबाग आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या डांबराच्या गोळ्या (समुद्रात सांडलेले तेल घट्ट होऊन बनलेले गोळे) ज्या जहाजातून आल्या ते जहाज बहुधा सापडत नाही. तरीही ते तेल टँकरचेच होते हे पुराव्याने दाखवता आले, तर विशिष्ट जहाज ओळखता आले नाही तरी निधी दावा विचारात घेतो. यासाठी तेलाचा नमुना लागतो आणि तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किंवा तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याने, पंचांसमक्ष, स्वच्छ काचेच्या बाटलीत मोहोरबंद केलेला असावा. घरच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवलेल्या तेलाला पुरावा म्हणून फारसे वजन राहत नाही.

पात्रता

बोटमालक, तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी, डोल जाळी लावणारे, पगोळीने मासे मारणारे, खाडीत कालवे आणि तिसऱ्या (शिंपल्या) वेचणाऱ्या स्त्रिया, कोळंबी प्रकल्प चालवणारे, मासे सुकवणाऱ्या व विकणाऱ्या महिला या सर्वांना दावा करता येतो. निधीच्या नियमांत नुकसानीचे दोन प्रकार धरले जातात. जाळी किंवा बोट तेलाने माखली आणि त्यामुळे उत्पन्न बुडाले, हा पहिला प्रकार. स्वतःच्या मालमत्तेला तेलाचा थेंबही लागला नाही, पण पाण्यावर तवंग असल्यामुळे जाळे टाकता आले नाही किंवा ग्राहकाने भीतीपोटी मासळी घेणे थांबवले, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात तेल आणि नुकसान यांच्यातला संबंध पुरेसा जवळचा आहे का, हे चार गोष्टींवरून तपासतात: तवंगापासूनचे अंतर, त्या पाण्यावर दावेदाराचे अवलंबित्व, दुसरीकडे मासेमारी करण्याची सोय आणि त्या भागाच्या अर्थव्यवहारात त्याच्या व्यवसायाचे स्थान. दोन्ही प्रकारांत खरी झालेली आणि पैशात मोजता येणारी हानीच धरली जाते. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळातील यांत्रिक बोटीचे उत्पन्न दाव्यात दाखवू नये, कारण त्या एका आकड्यामुळे उरलेल्या आकड्यांवरचा विश्वासही जातो.

कागदपत्रे

बोटीचे नोंदणी प्रमाणपत्र, चालू मुदतीचा मासेमारी परवाना, मालकाचे ओळखपत्र व बँक पासबुक आणि मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासदत्व दाखला ही पायाभूत कागदपत्रे आहेत. परवाना आवश्यक असताना तो नसेल तर दाव्याला मोठा धक्का बसतो. म्हणून त्याचे नूतनीकरण हंगामाच्या सुरुवातीलाच करून घ्यावे.

खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची आहे, आणि येथे मी वाचकाला थोडे थांबण्याची विनंती करतो. घटनेपूर्वीच्या सुमारे 3 वर्षांच्या त्याच महिन्यांतील उत्पन्नाशी तुलना करून बुडालेली रक्कम ठरवली जाते आणि त्यातून फेऱ्या न झाल्याने वाचलेला डिझेल, बर्फ आणि शिध्याचा खर्च वजा होतो. त्यासाठी लिलावाच्या आणि दलालाच्या पावत्या, संस्थेच्या डिझेल वाटपाच्या नोंदी, बर्फ कारखान्याची बिले आणि बंदरातील ये-जा नोंद ही सर्वांत उपयोगी कागदपत्रे ठरतात. डिझेलच्या नोंदीवरून बोट किती दिवस समुद्रात होती हे निर्विवाद दिसते. खलाशांना वाट्याने पैसे मिळत असतील तर वाट्याची वही जपावी, म्हणजे मालकाचा आणि खलाशांचा दावा एकमेकांवर चढणार नाही. तिसऱ्या वेचणाऱ्या किंवा टोपलीने मासळी विकणाऱ्या महिलेकडे पावती नसते, हे निधीलाही ठाऊक आहे आणि अशा दाव्यांसाठी त्याची वेगळी मूल्यमापन पद्धत आहे. 2006 मध्ये फिलिपिन्समधील गिमारास बेटाजवळ सोलर-1 हा टँकर बुडाला, तेव्हा हजारो छोट्या मच्छीमारांना भरपाई मिळाली. तरीही संस्थेचा दाखला, शेजारच्या दोन वेचणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि रोजच्या विक्रीची साधी वही असली तर काम पुष्कळ सोपे होते. ती वही आजपासूनच लिहायला घ्यावी.

माखलेले जाळे टाकून देऊ नये. त्याची खरेदी पावती, वय, तारखेसह छायाचित्रे आणि पंचनामा जपून ठेवावा व विमा कंपनीच्या किंवा निधीच्या तज्ज्ञाने पाहीपर्यंत ते वेगळे बांधून ठेवावे. जाळे धुऊन वापरता येण्यासारखे असेल तर सफाईचा खर्च मिळतो, नसेल तर नव्या जाळ्याचा. पण जुन्या जाळ्याच्या झिजेची रक्कम त्यातून कापली जाते.

पहिल्या दिवसांत करावयाची कामे

तवंग दिसताच तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर ठिकाण, वेळ, रंग आणि अंदाजे विस्तार कळवावा. राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेनुसार समुद्रातील प्रतिसादाचा समन्वय हेच दल करते, बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरण आणि किनाऱ्यावर राज्य यंत्रणा काम करते. तवंगावर साबण किंवा कोणतेही द्रावण स्वतःहून टाकू नये. तेल विखुरणारी रसायने मान्यतेशिवाय वापरता येत नाहीत आणि उथळ पाण्यात त्यांनी मासळीच्या पिल्लांचे अधिक नुकसान होते. त्यानंतर सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय आणि तहसीलदार यांच्याकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. संस्थेच्या बोटी तेल अडवणारे तरंगते अडथळे ओढण्यासाठी किंवा सफाईसाठी वापरल्या गेल्या तर तास, डिझेल आणि माणसांची हजेरी रोजच्या रोज अधिकाऱ्याच्या सहीने लिहून घ्यावी, कारण वाजवी सफाईचा खर्च हाही स्वतंत्र दावा आहे.

दावा आणि मुदत

टँकरच्या बाबतीत दावा मालकाकडे, त्याच्या विमा कंपनीकडे किंवा निधीकडे लेखी पाठवता येतो आणि मोठ्या घटनेत स्थानिक दावा कार्यालयही उघडले जाते. त्यात दावेदाराचे आणि प्रतिनिधीचे नाव-पत्ता, जहाजाचे नाव, घटनेची तारीख व ठिकाण, नुकसानीचा प्रकार आणि मागितलेली रक्कम असावी. मराठी कागदांना इंग्रजी सारांश जोडल्यास छाननीतला वेळ वाचतो. एका गावाचे दावे संस्थेमार्फत एकत्र पाठवले तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा असावा.

टँकरच्या दाव्याची मुदत नुकसान झाल्यापासून 3 वर्षांची आहे आणि कोणत्याही परिस्थितीत ती घटनेपासून 6 वर्षांपुढे जात नाही. केवळ दावा पाठवल्याने ही मुदत थांबत नाही. तडजोड होत नसेल तर तिच्या आत न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. निधीविरुद्ध हक्क राखायचा असेल तर निधीलाही न्यायालयीन कारवाईची रीतसर सूचना द्यावी लागते. संसदेने 2025 मध्ये नवा व्यापारी जहाज वाहतूक कायदा संमत केल्यामुळे कोणते कलम लावायचे हे घटनेच्या तारखेवरून वकिलाकडून तपासून घ्यावे.

हातावर पोट असलेल्या कुटुंबाला अंतिम निर्णयापर्यंत थांबणे शक्य नसते. अशा वेळी तीव्र आर्थिक अडचण दाखवून तात्पुरती रक्कम मागता येते. ती स्वीकारताना पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का हे वाचावे, आणि असल्यास वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.