चेक इंजिनच्या दिव्यामागे: धूर मोजणाऱ्या सेन्सरची पार्श्वभूमी

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की ऑक्सिजन सेन्सरचा कोड येतो, सेन्सर बदलला जातो, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. हे इतक्या गाडीमालकांच्या वाट्याला येतं की सेन्सर ही मुळातच कटकटीची, गळ्यात मारलेली वस्तू आहे असा समज पक्का होऊन बसतो. माझं मत नेमकं उलट आहे. धुराशी संबंधित सेन्सर बहुतेक वेळा खरं सांगत असतो, पण तो तिथे का बसवला गेला हे ठाऊक नसल्यामुळे त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचत नाही. गाडीतला असा प्रत्येक सेन्सर कुठल्या तरी जुन्या अडचणीवर शोधलेलं उत्तर आहे. ती अडचण समजली की त्याची निगा कशी राखायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

सुरुवात लॉस एंजेलिसपासून करावी लागते. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर असं दाट, डोळे चुरचुरणारं धुरकं पसरलं की महायुद्धाच्या त्या दिवसांत काहींना तो विषारी वायूचा हल्ला वाटला. दोष आधी कारखान्यांवर गेला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाच्या वासामागची रसायनं शोधत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेवर वापरलं आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे नळीतून बाहेर पडणारा वायू ही अर्धीच गोष्ट होती, उरलेलं विष आकाशात शिजत होतं. मोटार उद्योगाने हे सहजासहजी मान्य केलं नाही. तरीही कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलपासून धुरावर मर्यादा आल्या, १९६७ मध्ये तिथलं हवा नियंत्रण मंडळ स्थापन झालं, आणि १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं.

कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून हे होण्यासारखं नव्हतं. उपाय मात्र कागदावर आधीपासून होता. फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांना धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं अमेरिकी पेटंट १९५६ मध्येच मिळालं होतं. तो गाड्यांपर्यंत पोचला नाही याचं मोठं कारण पेट्रोलमधलं शिसं. इंजिनाचं ठोकणं थांबवण्यासाठी १९२० च्या दशकापासून मिसळलं जाणारं हे शिसं कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमवर थर धरून त्याला निकामी करायचं. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कन्व्हर्टर सर्रास आले, तेव्हा पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणं भाग पडलं. शिशाची सद्दी जगात पूर्ण संपायला मात्र २०२१ उजाडलं. अल्जीरियाने त्या वर्षी ते बंद केलं आणि गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा देश उरला नाही.

१९७५ चे कन्व्हर्टर फक्त दोन वायूंवर काम करायचे, नायट्रोजनची ऑक्साइडं तशीच बाहेर पडायची. एंगलहार्ड कंपनीतले कार्ल कीथ, जॉन मूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच तिन्ही वायू एकदम हाताळणारा थ्री-वे कन्व्हर्टर घडवला. त्याची एक अट मात्र जाचक होती. मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळायला ऑक्सिजन लागतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामं एकाच डब्यात चालायची तर इंजिनात जाणारं मिश्रण जवळजवळ अचूक हवं: एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा. हवा आणि पेट्रोलचं खरं प्रमाण या आदर्शाच्या किती पट आहे ते लॅम्डा या ग्रीक अक्षराने दाखवतात. लॅम्डा १ पासून टक्काभरही सरकला तर तिघांपैकी कुणीतरी निसटतं. कार्ब्युरेटरला हा नेम साधणं शक्य नव्हतं. धुरात ऑक्सिजन किती उरला हे क्षणाक्षणाला सांगणारं कुणीतरी तिथे, तापलेल्या नळीत, बसायला हवं होतं.

या कामी आलेलं विज्ञान एकोणिसाव्या शतकातलं होतं. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनी १८८९ च्या सुमारास दोन बाजूंच्या संहतीतल्या फरकातून किती विद्युतदाब निर्माण होतो याचं समीकरण मांडलं. पुढे १८९७ मध्ये त्यांनी एका दिव्याचं पेटंट घेतलं. त्यातली कांडी झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये इट्रियम ऑक्साइड मिसळून केलेल्या सिरॅमिकची होती. थंड असताना ती वीज वाहू देत नसे, आधी तापवावी लागे. टंगस्टनच्या तारेपुढे तो दिवा टिकला नाही. पण तेच सिरॅमिक आणि तेच समीकरण एकत्र आणून बॉश या जर्मन कंपनीने लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, घडवला आणि १९७६ मध्ये त्याचं उत्पादन सुरू केलं. अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वोच्या १९७७ च्या मॉडेलमध्ये तो पहिल्यांदा दिसला. व्होल्वोला याचा इतका अभिमान होता की गाडीच्या पुढच्या जाळीवर 'लॅम्डा सोंड' अशी पट्टी लावलेली असे.

आता हा सेन्सर जवळून पाहू. सायलेन्सरच्या नळीत शिरणाऱ्या टोकाला, छिद्रं असलेल्या धातूच्या टोपीखाली, अंगुस्तानाएवढी सिरॅमिकची टोपी असते. तिच्या आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर असतो. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या बाजूला साधी हवा. सिरॅमिक सुमारे ३०० अंशांच्या वर तापलं की ऑक्सिजनचे आयन त्यातून सरकतात. धुरात ऑक्सिजन जवळपास नसेल, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. मिश्रण लीन (हवा जास्त) असेल तर ०.१. मधला उंबरठा ०.४५ व्होल्टचा. इंजिनाचा कॉम्प्युटर या उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल थोडं वाढवत, थोडं कमी करत राहतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरचं व्होल्टेज सतत झुलत असतं.

आतली ती साधी हवा येते कुठून? बऱ्याच सेन्सरांत ती वायरींच्या तारांमधल्या बारीक फटींतून येते. म्हणून सेन्सरची वायर तुटली तर ती डाग देऊन जोडू नये, आणि कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडायच्या प्लगमध्ये, ग्रीस किंवा स्प्रे मारू नये. फट बुजली की आतल्या बाजूचा ऑक्सिजन संपतो आणि सेन्सर चुकीचं सांगू लागतो. गॅरेजमध्ये हात चांगला असलेला माणूसही ही एक चूक सहज करतो, कारण इतर कुठल्याही वायरीच्या बाबतीत डाग देणं हेच उत्तम काम समजलं जातं.

शिसं गेलं तरी या प्लॅटिनमचे वैरी संपले नाहीत. सर्वांत मोठा वैरी सिलिकॉन. गॅसकेटच्या जागी लावलेल्या साध्या सिलिकॉन सीलंटची वाफ इंजिनातून सेन्सरवर जाते आणि पांढरा, काचेसारखा थर बसतो. तो कशानेही निघत नाही. सेन्सरला चालणारं सीलंट वेगळं मिळतं, तेच वापरावं. कूलंट ज्वलनकक्षात झिरपत असेल तरी पांढुरका थर येतो. तपकिरी, तेलकट थर दिसला तर इंजिन ऑइल जाळतंय. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच, आणि मूळ दोष दुरुस्त झाला की ती बरेचदा आपोआप जळून जाते. काढलेल्या सेन्सरचं टोक उजेडात नीट पाहणं ही फुकटची तपासणी आहे, पण ती फार थोडे जण करतात. टोक तारेच्या ब्रशने घासणं किंवा पेट्रोलात बुडवणं मात्र सेन्सरच्या जिवावर उठतं. आटे जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावायची असेल तर ती आट्यांनाच लावावी, टोकाला नाही. जमिनीवर पडलेला सेन्सर वरून धडधाकट दिसला तरी आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं.

पहिल्या सेन्सरांना धुराच्या उष्णतेवर अवलंबून राहावं लागे. गाडी थंड असताना, म्हणजे धूर सर्वांत घाण असतानाच, ते मुके असत. १९८२ मध्ये आत हीटर असलेले सेन्सर आले. पुढे चपट्या पट्टीचे सेन्सर आले, ते काही सेकंदांत जागे होतात. हीटर आला तसे हीटरचे कोडही आले. असा कोड आला तर नवा सेन्सर मागवण्याआधी फ्यूज पाहावा आणि हीटरच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. थंड असताना तो साधारण काही ओहम असतो. मीटरने सर्किट तुटलेलं (ओपन) दाखवलं तर हीटर गेला. बिनहीटरचे जुने सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटरला बदलायला सांगत, सुरुवातीचे हीटरवाले लाखाच्या आसपास, आणि अलीकडचे १ लाख ६० हजारांच्या पुढेही चालतात.

१९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मंडळापुढे वेगळाच प्रश्न होता. नव्या गाड्या चाचणीत पास व्हायच्या, पण वापरात काही वर्षं गेली की त्यांचा धूर वाढायचा आणि मालकाला त्याचा पत्ताही नसायचा. म्हणून १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःवरच लक्ष ठेवावं, असा ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्सचा (ओबीडी) नियम आला. चेक इंजिनचा दिवा घराघरात पोचला तो यातून. पहिल्या नियमात ज्याचा-त्याचा कपलर आणि ज्याचे-त्याचे कोड असा गोंधळ होता. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना ओबीडी-टू लागू झालं, १६ पिनांचा एकच कपलर आणि सर्वांना समान मूलभूत कोड ठरले. युरोपने २००० नंतर तीच वाट धरली.

ओबीडी-टूची खरी भर म्हणजे कन्व्हर्टरच्या मागे, धूर त्यातून गेल्यावर लागणारा दुसरा ऑक्सिजन सेन्सर. त्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर पाळत ठेवणं. कन्व्हर्टरमधलं सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. ते शाबूत असेल तर पहिल्या सेन्सरचं झुलणं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. दुसराही पहिल्यासारखाच झुलू लागला की पी ०४२० हा कन्व्हर्टर कमकुवत झाल्याचा कोड येतो. हा कोड आला म्हणून मागचा सेन्सर बदलणाऱ्याने तक्रार सोडून साक्षीदारच हाकलला.

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो 'लीन' कोडवर. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर पेट्रोल न जळता जातं आणि सोबतचा ऑक्सिजनही तसाच नळीत येतो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही, म्हणून तो प्रामाणिकपणे लीन सांगतो. कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकतो तो याच धोक्याची सूचना म्हणून. तेव्हा वेग कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. मॅनिफोल्डचं गॅसकेट फुटून बाहेरची हवा नळीत शिरत असेल, किंवा हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर धूळ बसली असेल, तरी तोच कोड येतो.

जुन्या पद्धतीचा झुलणारा सेन्सर असेल तर त्याची परीक्षा पाच मिनिटांत होते. इंजिन गरम करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावावा आणि इनटेकचा व्हॅक्यूमचा एक बारीक पाइप क्षणभर काढावा. व्होल्टेज लगेच ०.२ च्या खाली गेलं आणि पाइप परत बसवल्यावर पुन्हा झुलू लागलं, तर सेन्सर जिवंत आहे. दोष दुसरीकडे शोधावा. हालचाल सुस्त असेल किंवा आकडा एकाच जागी गोठला असेल तर तो म्हातारा झाला.

१९९० च्या दशकात आलेले वाइडबँड सेन्सर रिच की लीन एवढ्यावर न थांबता किती, तेही सांगतात. त्यांतल्या अनेकांच्या कपलरमध्ये त्या-त्या सेन्सरसाठी कारखान्यात जुळवलेला रोधक असतो. जुना कपलर कापून नव्या सेन्सरला जोडला की हे जुळवणं वाया जातं.

डिझेलची कथा वेगळी, आणि तिची किंमत जगाने मोजली. तिथे हवा नेहमीच जास्त असते, त्यामुळे थ्री-वे कन्व्हर्टर चालत नाही. काजळीसाठी फिल्टर आणि दाबातला फरक मोजणारा सेन्सर, नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी युरियाचं द्रावण आणि ती मोजणारा नॉक्स सेन्सर, अशी वेगळी फौज लागते. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाड्यांमध्ये सापडलं होतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या, आणि अमेरिकेतल्या काही गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजनची ऑक्साइडं सोडत होत्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजणारी उपकरणं गाडीत ठेवून ती रस्त्यावर चालवली, तेव्हा या प्रकरणाचा धागा हाती लागला.

त्यानंतर रस्त्यावरची चाचणी युरोपच्या नियमांत आली. २०२४ मध्ये मंजूर झालेला युरो ७ एक पाऊल पुढे जातो. २९ नोव्हेंबर २०२६ पासून तिथल्या नव्या प्रकारच्या मोटारींना वापरात असताना होणाऱ्या उत्सर्जनावर स्वतःच देखरेख ठेवावी लागेल, आणि मूळ मर्यादा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर पाळाव्या लागतील. भाग निकामी झाला की दिवा लावणं हे आजवरच्या ओबीडीचं काम होतं. यापुढे सगळे भाग शाबूत असूनही धूर वाढला तर तेही नोंदलं जाईल. ती नोंद याच सेन्सरांच्या भरवशावर होणार असल्यामुळे वायरींतली फट, कपलरमधला रोधक आणि टोकावरचा थर यांच्याकडे गॅरेजमध्ये आजच्यापेक्षा जास्त बारकाईने पाहावं लागेल.