बसून पाय सरळ करणं आणि उभ्याने अर्धी बैठक: गुडघ्यासाठी एकच व्यायाम आहे का?

दोन्हींत मांडीच्या पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, काम करतो. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालेल असं अनेकांना वाटतं. पण गुडघ्याला ही दोन फार वेगळी कामं आहेत.

खुर्चीत बसल्यावर पाऊल अधांतरी असतं. घोट्याला १ किलोची वजनपट्टी बांधा: गुडघा ९० अंशांत असताना मांडीवर जवळजवळ भार नसतो, पाय सरळ होत जाईल तसा तो वाढतो. उभ्याने उलट घडतं. ताठ उभं असताना मांडीला फारसं काम नसतं, खाली जाल तसा भार चढतो. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखत असेल तर हे नेमकं लक्षात ठेवा (० अंश म्हणजे पाय पूर्ण सरळ): वजन लावून बसून करताना ९० ते ४५ अंश, उभ्याने ० ते ४५ अंश, एवढ्याच टप्प्यात वाटीवर दाब कमी राहतो.

बसण्याच्या पद्धतीनेही निकाल बदलतो. पुढे झुकून बसलं की मांडीमागचे हॅमस्ट्रिंग ताणले जातात, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि मांडीत ताकदच नाही असा समज होतो. हात मागे टेकून थोडं रेला आणि पुन्हा करा. आता पाय सहज सरळ झाला तर अडचण मागच्या ताठरपणाची आहे.

सांध्याची जाण हा आणखी मोठा फरक. डोळे मिटूनही गुडघा किती वाकलाय हे कळतं, ते मुख्यतः स्नायूंतल्या स्पिंडल या ताण टिपणाऱ्या तंतूंमुळे. उभ्याने त्यात तळव्यावरचा दाब, घोटा आणि खुबा यांची भर पडते, म्हणून अंदाज सहसा जास्त अचूक येतो. पण याच मदतीत गुडघ्याची उणीव झाकली जाते! ती शोधायची तर बसूनच: डोळे मिटून पाय अर्धा सरळ करा, ५ सेकंद धरा, खाली सोडा, पुन्हा त्याच जागी आणा. दुसऱ्या कुणीतरी मोबाइलच्या कोनमापकाने दोन्ही वेळचा कोन मोजावा. मग दुसरा पाय.

जिना उतरण्याची तयारी मात्र उभ्यानेच होते. पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर, ३ सेकंदांत खाली, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. तो आत कोसळत असेल तर बहुतेकदा खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडत असतात. तसं असेल तर कमी खाली जा. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही: दुखऱ्या पायावरचा भार नकळत चांगल्या पायावर जातो. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवून एकेका काट्यावर एकेक पाऊल ठेवा आणि खाली जाताना दोन्ही आकडे दुसऱ्याला वाचायला सांगा.

पुढच्या क्रूसिएट लिगामेंटची (गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणाऱ्या बंधाची, ACL) शस्त्रक्रिया झाली असेल, तर बसून वजनासह शेवटचे अंश सरळ करणं सर्जनच्या परवानगीशिवाय नको. तिथे क्वाड्रिसेप्स नडगीचं हाड पुढे ओढतो आणि नव्या लिगामेंटवर ताण येतो.