मसाल्याच्या चहातला ज्येष्ठमध कुठून आला?

काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमध मागितला की दुकानदार विचारतो, "कांडी देऊ, भरड देऊ की पूड?" मी कांडीच घेतो. बाहेरून ती साधी वाळकी काटकी वाटते, तपकिरी आणि सुरकुतलेली. मोडायला गेलं तर कट्कन तुटत नाही, दोरे निघतात, आणि आत हळदीहून फिकट पिवळा गाभा दिसतो. दाताखाली धरली तर आधी नुसतं लाकूड लागतं. गोडी मागून येते आणि मग बराच वेळ घशातून हलत नाही. ही उशिरा येणारी, चिवट गोडी ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची. साखरेच्या पन्नासपटीपर्यंत गोड असलेलं हे द्रव्य चहाच्या एका पुडीला साखरेशिवाय गोड करून टाकतं.

दालचिनी, वेलची, लवंग, सुंठ, मिरी आणि ज्येष्ठमध अशा मिश्रणाचे 'हर्बल टी' आता किराणा दुकानातही मिळतात. कुणी त्यांना परदेशी खूळ समजतं, कुणी आजीचा काढा पुडीत भरला असं म्हणतं. दोन्ही समजुती अर्धवट आहेत.

सुरुवात नावापासून करू. ज्येष्ठमधात मध नाही आणि ज्येष्ठ महिन्याशी त्याचा काही संबंध नाही. मूळ संस्कृत शब्द यष्टिमधु. यष्टी म्हणजे काठी. गोड काठी. य चा ज झाला आणि ओळखीचा 'ज्येष्ठ' त्यात येऊन बसला. गुजरातीत तो जेठीमध झाला. हिंदीत शब्दाची दोन टोकं उलटी लावून मधुयष्टी, आणि तिची झिजत झिजत मुलहठी, मुलेठी. अमरकोशात मधुक, क्लीतक, यष्टिमधुक, मधुयष्टिका अशी नावं एका ओळीत मिळतात. ग्रीक भाषेतही हेच घडलं. ग्लुकुस म्हणजे गोड, रिझा म्हणजे मूळ. त्यातून ग्लिसरायझा हे शास्त्रीय नाव आलं. एकमेकांपासून दूर राहणाऱ्या माणसांनी ही वनस्पती चावून पाहिली आणि सगळ्यांना तेच एक नाव सुचलं.

मात्र हे झाड आपल्या शिवारातलं नाही. हरभऱ्या-वाटाण्याच्या कुळातलं, जांभळट फुलांचं हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियापर्यंत वाढतं. हवा कोरडी पण जमीन खोल, अशा नदीकाठच्या जागा त्याला मानवतात. मुळं जमिनीखाली दूरवर पसरतात आणि तीन-चार वर्षांनी खणून काढतात. भारतात पंजाब, हरियाणा, काश्मीरकडे थोडी लागवड होते, पण बाजारातला माल बऱ्याच अंशी बाहेरून आलेला असतो. म्हणजे आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'घरगुती' म्हणतो, ते औषध व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून आपल्या घरी आलं. मला यात काही कमीपणा वाटत नाही. हिंगही असाच आला.

इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टसने त्याला 'सिथियन मूळ' म्हटलं. आजच्या अझोव समुद्राच्या परिसरात ते उगवतं, दमा आणि कोरड्या खोकल्यावर चालतं, आणि हे मूळ व घोडीच्या दुधाचं चीज यांवर सिथियन (तिकडचे भटके घोडेस्वार लोक) अकरा-बारा दिवस पाण्यावाचून काढतात, असं त्याने लिहून ठेवलंय. पाण्यावाचून इतके दिवस काढण्याची गोष्ट आपण बाजूला ठेवू. पण तोंडाला पाणी सुटून तहान दबते, हे कांडी चघळणाऱ्या कुणालाही कळेल.

आपल्याकडे याचा भरघोस उल्लेख चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात कामानुसार औषधांचे पन्नास गट केले आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. जीवनीय, म्हणजे जीवनशक्ती देणाऱ्या, गटात मधुक आहे, वर्ण उजळणाऱ्या गटात आहे, आणि 'कण्ठ्य', म्हणजे गळ्याला हितकर, या गटात पिंपळी, द्राक्षा, रिंगणी यांच्या शेजारी आहे. पुढे चिकित्सास्थानात बुद्धिवर्धक म्हणून याचं चूर्ण दुधातून घ्यायला सांगितलंय. सुश्रुताचा उपयोग मला जास्त हृद्य वाटतो: शस्त्रकर्मानंतर जखम ठणकत असेल तर ज्येष्ठमध घातलेलं कोमट तूप तिच्यावर शिंपडावं. भूल नव्हती त्या काळातल्या रोग्याची वेदना कुणीतरी इतक्या मायेने पाहिली होती.

ज्येष्ठमधाची मसाल्यांशी गाठ कुठे पडली, हा प्रश्नही चरकसंहितेतच सुटतो. एलादि गुटिका नावाचा एक योग, म्हणजे औषधी मिश्रण, तिथे आहे, छातीच्या दुखण्याने आणि खोकल्याने खंगलेल्यांसाठी. अक्ष आणि पल ही जुनी वजनं. वेलची, तमालपत्र, दालचिनी अर्धा-अर्धा अक्ष. पिंपळी अर्धा पल. खडीसाखर, ज्येष्ठमध, खजूर, मनुका एकेक पल. मधात गोळ्या वळायच्या. एक पल म्हणजे चार अक्ष, तेव्हा वेलचीच्या आठपट ज्येष्ठमध झाला. आजच्या पुडीवरची घटकांची यादी या यादीशेजारी ठेवून पाहा. वेलची-दालचिनीची गोडसर ऊब, पिंपळीचा तिखटपणा, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारा ज्येष्ठमध. ही जोडणी निदान दीड हजार वर्षं जुनी आहे. चीनमध्येही त्याच्याकडे हेच काम आहे. तिथे त्याची भावंडजात गांत्साव, म्हणजे 'गोड गवत', असंख्य काढ्यांमध्ये घालतात, कारण ती बाकीच्या औषधांचं आपसात जमवून देते. जुन्या चिनी वैद्यांनी तिला राज्यातल्या वडीलधाऱ्या मंत्र्याची पदवी दिली होती.

आता पेयाकडे. हर्बल टी ला आपण सर्रास काढा म्हणतो, आणि इथेच गल्लत होते. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात या कृती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. काढा, म्हणजे क्वाथ: भरड औषधाच्या सोळापट पाणी घालून मंद आचेवर आटवायचं, आठवा हिस्सा उरला की उतरवायचं. फांट: औषधावर चौपट कढत पाणी ओतायचं, मुरू द्यायचं, फडक्यातून गाळायचं, उकळायचं नाही. हिम: सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं. म्हणजे पुडीवर गरम पाणी ओतून केलेला चहा हा काढा नव्हे, तो फांट आहे. फांट हा इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना तो फक्त आयुर्वेदाच्या परीक्षेपुरता उरावा याची मला खरोखर हळहळ वाटते. आणि फरक शब्दापुरता नाही. आटवलेल्या काढ्यात द्रव्य दाट उतरतं, फांटात हलकं. एकाची मात्रा दुसऱ्याला लावता येत नाही.

हिमाचा प्रकार पाहायचा तर कैरोला जावं लागेल. तिथे रमजानमध्ये रस्तोरस्ती 'इर्कसूस' विकतात: ज्येष्ठमध थंड पाण्यात मुरवून केलेलं काळपट पेय, मोठ्या सुरईतून फेसाळत ओतलेलं, आणि विक्रेत्याच्या हातात पितळी झांजा. तुर्कस्तानच्या दियारबाकिर, उर्फा भागात उन्हाळ्यात मेयान शरबत असतं. इंग्लंडने मात्र त्याचं मिठाईत रूपांतर केलं. यॉर्कशरमधल्या पॉन्टेफ्रॅक्ट गावी १७६० मध्ये जॉर्ज डनहिल या औषधविक्याने ज्येष्ठमधाच्या अर्कात साखर घातली, असं तिथे सांगतात; काळ्या चकत्या अजून त्या गावाच्या नावाने विकल्या जातात.

महाराष्ट्रात ज्येष्ठमध राहिला तो सहाणेवर. बाळगुटीच्या डब्यात वेखंड, मायफळ, हिरडा, बेहडा, हळकुंड, जायफळ, काकडशिंगी यांच्याबरोबर त्याची कांडी असायची. आईच्या दुधात उगाळायची, तीही मोजून. "याचे दोन वळसे, त्याचा एकच" असं आजी म्हणायची, आणि कुणाचा वळसा वाढवायचा हे बाळाच्या पोटावरून ठरवायची. (पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, असं आताचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते ऐकावं.) गवई आणि कीर्तनकार ज्येष्ठमधाचा तुकडा जवळ बाळगत, कार्यक्रमाआधी गालात धरत. ज्यांना तो मिळत नसे ते गुंजेचा पाला चघळत. गुंजेचा पाला खरंच गोड असतो, विड्यातही घालतात. तिच्या मुळांना इंग्रजांच्या काळातल्या औषधी ग्रंथांत 'भारतीय ज्येष्ठमध' असं म्हणत आणि बदली माल म्हणून वापरत. पण जिच्या लाल-काळ्या बियांनी सोनार सोनं तोलत, आठ गुंजा म्हणजे मासा आणि बारा मासे म्हणजे तोळा, त्या बिया जहाल विषारी आहेत. ही बदली करायच्या फंदात कुणी पडू नये.

मग घरोघरी चहा आला आणि त्याने बाकी सगळ्या उकळत्या पाण्यांना आपलंच नाव दिलं. गवताची पात उकळली तरी तिला आपण गवती चहा म्हणू लागलो. काढा आजारपणापुरता उरला. १९६० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये योगी भजन नावाचे योगशिक्षक आपल्या योगवर्गांना येणाऱ्यांना वेलची, दालचिनी, लवंग, आलं, मिरी घातलेलं पेय देत. त्यातून पुढे 'योगी टी' हा व्यापारी ब्रँड उभा राहिला. पश्चिमेकडच्या हर्बल टी बनवणाऱ्यांना साखर न घालता गोडी हवी होती आणि ती ज्येष्ठमधाने दिली. तिथून छोट्या पुड्यांत भरून हे मिश्रण आपल्याकडे परत आलं. फरक एकच पडला, पण मोठा: आजारपणात चार दिवस घ्यायची गोष्ट रोज प्यायचं पेय झाली.

ज्येष्ठमध सतत घेतला तर काय होतं, हे त्याआधीच नेदरलँड्समधल्या एका डॉक्टरच्या लक्षात आलं होतं. १९४६ मध्ये डॉ. रेव्हर्स यांनी नोंदवलं की ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरव्रणाच्या (पोटातल्या अल्सरच्या) रोग्यांना आराम पडतो, पण काहींच्या अंगावर सूज येते. व्रणाच्या बाजूने संशोधन पुढे जाऊन १९६० च्या दशकात कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघालं. सुजेचं कोडं १९८७ मध्ये सुटलं. आपल्या शरीरातलं कॉर्टिसोल हे संप्रेरक मूत्रपिंडात पोचलं की तिथलं एक विकर (एन्झाइम) त्याला निष्प्रभ करतं. ज्येष्ठमधातलं द्रव्य त्या विकरालाच अडवतं. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो, पाय सुजतात. २००३ मध्ये युरोपीय महासंघाच्या तज्ज्ञसमितीने नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही मर्यादा सांगितली. २००४ च्या नियमापासून तिथे ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त ज्येष्ठमध असलेल्या पेयांवर आणि मिठाईवर रक्तदाबाच्या रुग्णांसाठी इशारा छापावा लागतो.

चांगल्या मुळात ४ टक्के किंवा त्याहून जास्त ग्लिसरायझिन असतं. म्हणजे अडीच ग्रॅम मुळात ते १०० मिलिग्रॅम. सगळं पाण्यात उतरत नाही, तरी अंदाज येतो. आयुर्वेदाच्या अधिकृत भेषजसंहितेतली, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथातली, चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे, पण ती औषधाची मात्रा आहे, वैद्याच्या नजरेखालची.

हे मी इतकं खोलात जाऊन शोधलं त्याला कारण घरातलंच आहे. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग, मिरी एक भाग असा आयुष क्वाथ सुचवला. त्यात ज्येष्ठमध नव्हता. आम्ही तो आपल्या मनाने घातला, घशासाठी चांगला म्हणून, आणि मूठभर घातला. पातेलं दिवसभर गॅसवर. बाबा तीन-चार वेळा घ्यायचे. रक्तदाबाची गोळी चालू असूनही आकडा खाली येईना, घोट्याला मोज्याचा वळ उमटायला लागला. आमच्या डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी विचारलं, "सध्या घरात काय काय पिताय?" ज्येष्ठमधाचं नाव ऐकल्यावर त्यांनी तो थांबवायला सांगितलं. काही आठवड्यांत वळ उमटायचा थांबला.

बाबांसाठी आता बिनज्येष्ठमधाचा वेगळा डबा आहे. त्याच कारणाने गरोदर बाईला, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्याला, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला मी हा चहा विचारतही नाही. माझा घसा बसला की मात्र मी फांटच करतो. पेराएवढी कांडी खलबत्त्यात ठेचायची. पूड वापरली तर तिची धूळ नाकात जाऊन शिंका येतात. दालचिनीचा कपटा, एक वेलची, दोन मिरी, सुंठेची चिमूट. पितळी गडव्यात कढत पाणी ओतून वर झाकण, दहा मिनिटं. जुन्या सुती रुमालातून गाळायचं. साखर नाही, दूध नाही. दिवसातून एकदा, सकाळी, असे पाच दिवस. सहाव्या दिवशी कांड्यांची बरणी वरच्या फळीवर जाते.