मध्ययुगीन इतिहासाच्या प्रकल्पासाठी विकिपीडियावर लेख: पात्रता, कागदपत्रं आणि पद्धत

सर वर्गात सांगतात, यंदा मध्ययुगीन इतिहासाचा प्रकल्प वहीत नको, मराठी विकिपीडियावर लेख लिहा. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, फॉर्म कुठं मिळतो?" त्यापाठोपाठ दुसरा, "आधार लागतं का?" प्रत्येक गोष्टीला दाखला जोडून मोठ्या झालेल्या पोरांनी हे विचारलं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. फॉर्म नाही, फी नाही, आधारही लागत नाही. कागदपत्रं मात्र लागतात आणि ती तुम्ही लिहिलेल्या वाक्यांची लागतात. त्याबद्दल पुढं जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण नवख्यांचे लेख उडतात ते तिथंच.

कोणाला लिहिता येतं

वय, शाखा, जिल्हा अशी कसलीही अट नाही. बी.एस्सी.च्या मुलीनं वाईच्या घाटावर लिहिलं तरी चालतं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. एका माणसाचं एकच खातं हवं. 'इतिहास विभाग' नावाचं खातं काढून सगळ्या वर्गानं एकच पासवर्ड वापरायचा, हे चालत नाही. गटानं लेख लिहायचा असला तरी आपापल्या खात्यातून आपापला भाग लिहा. लेखाच्या वर 'इतिहास पहा' असतं. तिथं कोणी कधी किती लिहिलं हे तासा-मिनिटासकट दिसतं, अगदी सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता लिहिलेलंसुद्धा. दुसरी गोष्ट हितसंबंधांची. आपल्याच घराण्याच्या वतनावर, आपल्याच भावकीच्या देवळावर लिहायला बसू नये. लेखणी आपोआप गोड होते.

खातं काढताना

सदस्यनाव आणि पासवर्ड एवढंच लागतं. ईमेल ऐच्छिक आहे, पण जरूर द्या. पासवर्ड विसरला तर दुसरा मार्ग नाही. खरं नाव सक्तीचं नाही. सदस्य पानावर मोबाइल नंबर, पत्ता, रोल नंबर टाकू नका, ते पान जगाला दिसतं.

एक अडचण कोणी आधी सांगत नाही. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून) चोवीस तासांत साधारण सहाच खाती निघतात. आम्ही पहिल्या वर्षी संगणक कक्षात पोरं बसवली आणि सातव्या पोरापासून सगळ्यांच्या पडद्यावर नकार. पाऊण तास वायफायला शिव्या दिल्यावर कारण कळलं. तेव्हा खातं घरूनच, मोबाइलच्या डेटावर काढून या. फार मोठा वर्ग असेल तर मर्यादा वाढवून मिळावी म्हणून आगाऊ विनंती करता येते, पण ते सरांचं काम.

सरांसाठीच आणखी एक. वर्गाची नोंद ठेवायला विकिमीडियाचा, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेचा, 'प्रोग्रॅम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड' मोफत आहे. मुलांनी दुव्यावरून नाव नोंदवलं की प्रत्येकाची संपादनं एका ठिकाणी दिसतात. 'विकी एज्युकेशन' नावाची संस्था शोधात आधी सापडते, पण तिचं काम अमेरिका आणि कॅनडापुरतं आहे.

विषय

आधी शोधा. लेख असेल तर त्यातच भर घाला, तोही प्रकल्पच आहे. प्रतापगड, सज्जनगड यांवर उड्या पडतात. त्यापेक्षा किकलीचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), कराडच्या मशिदीचे मनोरे, मिरजेचा मीरासाहेब दर्गा, दंडोबाचं लेणं अशा विषयांत हाताला काम जास्त मिळतं. लिंबची बारा मोटेची विहीर शाहूकाळातली आहे. ती तुमच्या पेपरच्या मध्ययुगात बसते का, हे सरांना विचारून घ्या.

थोर पुरुषांच्या चरित्रलेखांपासून नवख्यानं सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरनं (राज्य पोलिसांच्या सायबर विभागानं) विकिपीडियाला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. अशी बरीच पानं सुरक्षित (संपादनाला कुलूपबंद) केलेली असतात, नव्या खात्याला तिथं हातही लावता येत नाही.

कागदपत्रं, म्हणजे संदर्भ

साताऱ्याच्या किल्ल्याचं, अजिंक्यताऱ्याचं उदाहरण घेऊ. "औरंगजेबानं डिसेंबर १६९९ मध्ये साताऱ्याला वेढा घातला आणि एप्रिल १७०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला." या वाक्याला पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन वर्ष आणि पान क्रमांक जोडला की ते टिकतं. "मूठभर मावळ्यांनी गनिमाची दाणादाण उडवली" याला कितीही संदर्भ जोडा, ते भाषणातलं वाक्य आहे आणि कोणीतरी ते काढणारच. मोगलांनी किल्ल्याला आझमतारा नाव दिलं, हे मात्र लिहा, संदर्भासकट.

संदर्भ कसला चालतो? इतिहासकारानं लिहिलेलं, छापून आलेलं पुस्तक किंवा शोधनिबंध. बखर हे मूळ साधन आहे, म्हणजे इतिहासकार ज्यावरून लिहितो ते जुनं लेखन. सभासदानं बखर राजारामांच्या काळात जिंजीला लिहिली. तिच्यातलं वाक्य "सभासद असं सांगतो" म्हणून देता येतं, पण त्यावरून निष्कर्ष तुम्ही काढायचा नाही. वीरगळाचंही तसंच. किकलीला जाऊन फोटो काढा, कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मोफत चित्रसंग्रहावर) चढवा, फार उपयोगी पडेल. पण दगडावरचं युद्ध कोणतं आणि वीर कोण, हे स्वतः ठरवून लिहिलंत तर ते मूळ संशोधन झालं. त्याची जागा शोधनिबंधात असते, विश्वकोशात नाही. हुशार मुलांच्या मनाला हे फार लागतं, आणि मला त्यांचं वाईट वाटतं. पण नियम बरोबर आहे.

१८८५ चं मुंबई इलाख्याचं सातारा गॅझेटिअर इंटरनेटवर मिळतं. तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, त्यामुळे सांगलीकरांनीही तेच चाळावं. मिरज, सांगली त्या काळी संस्थानं होती, ती तिथं शोधत बसू नका. शिवाय ते गॅझेटिअर साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वापरा. मराठी विश्वकोशाचं कार्यालय तर आपल्याच वाईत आहे. विश्वकोशातल्या नोंदीचा संदर्भ द्या, नोंद मात्र उतरवू नका.

उतरवण्यावरून एक जुनी गोष्ट. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विकिमीडियानं इंग्रजी विकिपीडियासाठी असाच उपक्रम सुरू केला होता. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतका आला, की त्याच वर्षी तो थांबवावा लागला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेले, त्यांचं लेखन मोकळं झालं आहे. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी १९९४ मध्ये गेले, त्यांचं नाही. मोकळं असलं तरी आपल्या शब्दांत लिहा आणि संदर्भ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला किल्ल्याचा फोटो कोणाचा तरी असतो, तो चढवू नका. चॅटबॉटनं सांगितलेलं पुस्तक ग्रंथालयात हातात घेऊन, ते पान उघडून पाहिल्याशिवाय संदर्भात घालू नका. असली पुस्तकं कधी कधी छापलेलीच नसतात.

प्रत्यक्ष लिहिताना

पहिला मसुदा तुमच्या सदस्य पानाखालच्या धूळपाटीत, म्हणजे सरावाच्या पानावर, करा. मराठी टंकनाची सोय संपादन खिडकीतच आहे, कंट्रोल आणि एम दाबलं की चालू-बंद होते. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये) टाइप करून आणलेला मजकूर चिकटवला तर नुसती अगम्य अक्षरं उमटतात, युनिकोडच हवं. पहिल्या दोन-तीन वाक्यांत विषय काय, कुठं, कोणत्या काळातला ते सांगा. मग परिच्छेद, संदर्भ, शेवटी वर्ग (लेख कोणत्या विषयगटात मोडतो त्याची खूण). सरांनी पाहिलं की लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसाठीच्या लेखांमध्ये, हलवायचा. खातं अगदी नवं असेल तर हलवण्याचा अधिकार लगेच मिळत नाही (इंग्रजीत चार दिवस आणि दहा संपादनं लागतात), म्हणून सबमिशनच्या दिवशी खातं काढणाऱ्याचं काम अडतं.

लेखावर पानकाढा साचा (हा लेख वगळावा अशी सूचना) लागला तर घाबरून तो पुसू नका. चर्चा पानावर जा, काय कमी आहे ते विचारा, खाली चार टिल्ड (~~~~) टाकून सही करा. समोरचा प्रचालकही (पानं वगळण्याचा अधिकार असलेला सदस्य) फावल्या वेळात फुकट काम करणारा माणूस आहे. तरीही अडलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, मांडा.

गुण लेख टिकला की नाही यावर ठेवू नयेत, ही सरांना विनंती. ते मुलांच्या हातात नसतं. मुलांनी वहीऐवजी आपल्या आवृत्तीचा शाश्वत दुवा (त्याच आवृत्तीकडे नेणारा कायमचा दुवा) आणि 'योगदान' पानाचा दुवा द्यावा. उद्या कोणी सगळा लेख बदलला तरी तुम्ही त्या दिवशी काय लिहिलं होतं, ते त्या दुव्यावर तसंच दिसतं. लेखच वगळला गेला तर मात्र दुवाही जातो, म्हणून एक पीडीएफ काढून ठेवा.