‘द कॉन्व्हर्सेशन’ आणि वॉटरगेटची भानगड

दिग्दर्शक कोपोलाचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ हा चोरून बोलणं ऐकणाऱ्या माणसावरचा पिक्चर वॉटरगेटवरून (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या ऑफिसात केलेल्या घुसखोरीच्या प्रकरणावरून) सुचला असं अजूनही लोक ठोकून देतात, पण तसं काही नाहीये. पिक्चर रिलीज झाला एप्रिल 1974 ला, तेव्हा अमेरिकेत निक्सनने आपल्या ऑफिसातली बोलणी गुपचूप रेकॉर्ड केलेल्या टेप्सचाच विषय चालू होता, मग लोकांनी दोन अधिक दोन केलं आणि चिकटवून टाकलं. स्क्रिप्ट मात्र साठच्या दशकातली, निक्सन अध्यक्ष व्हायच्या आधीची, आणि शूटिंग 1972 च्या शेवटी सुरू झालं, टेप्सचं गुपित फुटलं जुलै 1973 मध्ये. पिक्चरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअर या चौकातल्या गर्दीत लांबून माइक रोखून एका जोडप्याचं बोलणं पकडतात ना, तसलीच उपकरणं निक्सनच्या माणसांनी वापरली हे कळल्यावर कोपोला स्वतःच हादरला होता म्हणे.