कलदार, टंच अन् हॉलमार्क: खान्देशातल्या चांदीची पार्श्वभूमी

चांदी काळी का पडते (हवेतला गंधक, दुसरं काही नाही), वीज सगळ्यात भारी कोण वाहून नेतं, हे शाळेत झालंय, सोडा. मऊ असते म्हणून दागिन्यात बहुतेकदा तांबं घालावं लागतं, अन् भांडण तिथूनच सुरू होतं की बाबा किती घातलं?

जुनं थोडक्यात: बऱ्हाणपूर तेव्हा खान्देशात, तिथं मुघलांची टांकसाळ होती. चांदीचा खरा पूर आला 1860 च्या दशकात, अमेरिकेत यादवी पेटली, कापसाचे भाव चढले अन् इथल्या कापसाचा पैसा चांदीच्या रुपयात आला. बँक कुठं होती, पैसा कडी-साखळ्यांत अन् सातपुड्यात तर थेट गळ्यात, रुपये ओवलेल्या माळा भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी) बाजारात आजही दिसतात.

आता कलदार. हा शब्द सगळा घोळ घालतो. मुळात अर्थ एवढाच की यंत्रावर पाडलेला रुपया, चांदी किती याच्याशी संबंध नाही. पण आपल्याकडे कलदार म्हटलं की शुद्धच, असं डोक्यात बसलंय. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा रुपया) घ्या, 11.66 ग्रॅम वजन अन् चांदी 91.7 टक्के, तिथं ठीक. पण 1940 मध्ये युद्धात लोक रुपये दाबून ठेवायला लागले तेव्हा सरकारने चांदी थेट 50 टक्क्यांवर आणली, बाकी तांबं, निकेल, जस्त. 1947 ला तर नुसता निकेल. मग राजाच्या तोंडाचा 1942 चा रुपया मोडीत नेला की सराफ टंच काढून, म्हणजे चांदी किती शुद्ध ते तपासून, निम्मा भाव सांगतो अन् आजी म्हणते लुबाडलं! दरवेळी सराफच चोर नसतो हो, साल वाचा आधी. पण घट अन् मजुरीच्या नावाने जे कापतात, ते मात्र नक्की विचारा.

जर्मन सिल्व्हरचं तर बोलूच नका, त्यात चांदी नसतेच.

सोन्याला 2021 पासून हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, चांदीला मात्र 1 सप्टेंबर 2025 पासून सहा अक्षर-अंकांच्या कोडवाला हॉलमार्क आला तोही ऐच्छिक. त्याच वर्षी भाव किलोला लाखाच्या वर गेला, मग ऐच्छिक कशाला ठेवलं कळत नाही. नवीन पैंजण-जोडवी घेताना शिक्का मागता येईल, 800 पासून 999 पर्यंत (हजार भागांत चांदी किती, तो आकडा), पण पेटीतल्या जुन्या कड्याला अजूनही टंचच काढावा लागतो.