४५ पौंडांचं रिकर्व्ह आणि ४५ पौंडांचं कंपाउंड

शिकारीसाठी पहिलं धनुष्य घेणारा नवखा हमखास एकाच प्रश्नाने सुरुवात करतो: ‘किती पौंडांचं घेऊ?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं. रिकर्व्हवरचे ४५ पौंड आणि कंपाउंडवरचे ४५ पौंड हा आकडा एकच असला, तरी तो दोन वेगळ्या गोष्टी मोजतो.

रिकर्व्हच्या पात्यावर (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागावर) ४५ असं छापलेलं असतं आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात २८ इंच. म्हणजे दोरी २८ इंच ओढली, तर ४५ पौंड जोर लागतो. सगळी गोम या २८ मध्ये आहे. ज्याचे हात आखूड आहेत आणि ज्याची ओढ २६ इंचांवरच संपते, त्याच्या बोटांवर साधारण ४० पौंडच येतात. ३० इंच ओढणाऱ्या उंच माणसाला तेच धनुष्य पन्नाशीच्या आसपास लागतं. दर इंचाला दोन ते तीन पौंडांचा फरक धरायचा. म्हणजे छापलेला आकडा धनुष्याचा, तुमचा आकडा वेगळा. रिकर्व्ह जसं ओढत जाल तसं जड होत जातं आणि सगळ्यात जड लागतं ते अगदी शेवटी, नेम धरायच्या क्षणी.

कंपाउंडचं नेमकं उलट. त्याचे ४५ पौंड म्हणजे ओढीच्या वाटेत लागणारा जास्तीत जास्त जोर. तो लवकर येतो, काही इंच तसाच राहतो आणि मग एकदम ओसरतो. पात्यांच्या टोकांना असलेले कॅम (चाकं) गोल नसतात. ते फिरत जातात तसा दोरीच्या बाजूचा तरफेचा हात लांबतो आणि केबलच्या (दोन्ही पात्यांना जोडणाऱ्या तारेच्या) बाजूचा आखूड होतो. त्यामुळे पूर्ण ओढीवर धनुष्य वाकलेलं राहतं, पण हाताला हलकं लागतं. या सवलतीला लेट-ऑफ म्हणतात. ८० टक्के लेट-ऑफ असेल, तर ४५ पैकी फक्त ९ पौंड धरून ठेवायचे. ही करामत हॉलिस विल्बर ॲलन या अमेरिकन माणसाची. त्याला १९६९ मध्ये पेटंट मिळालं.

शिकारीत हा फरक फार जाणवतो. तुम्ही ओढलंत आणि तेवढ्यात हरीण झाडाआड गेलं, तर कंपाउंडवाला थांबू शकतो. रिकर्व्हवाल्याचे खांदे काही सेकंदांत थरथरू लागतात. शिवाय साठलेली ऊर्जा ठरते ती सगळ्या ओढीभर लावलेल्या जोरावर, एकट्या कमाल आकड्यावर नाही. कंपाउंडमध्ये कमाल जोर बराच वेळ टिकतो, म्हणून त्याच ४५ पौंडांत ते बाण जास्त वेगाने फेकतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान ३५ किंवा ४० पौंडांची अट असते. ती दोन्ही धनुष्यं पुरी करतात, पण बाणाचा जोर सारखा नसतो. (शिकारीला मुळात परवानगी आहे का, हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो. ते आधी पाहायचं.)

मग कंपाउंडच घ्यावं का? लवकर शिकारीला जायचं असेल, तर माझं उत्तर हो. पण कंपाउंडच्या ओढीची लांबी कॅमवरच ठरलेली असते. रिकर्व्ह कुणीही ओढून पाहावं, कंपाउंड मात्र मापाचंच लागतं. दोन्ही हात पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि त्याला २.५ ने भागा, म्हणजे ओढीचा अंदाज मिळतो. शिवाय हलकं वाटणारं हे धनुष्य बाण न सोडता परत आणताना फसवतं. ९ पौंडांवरून ते अचानक ४५ वर उसळतं आणि हात पुढे खेचून नेतं. हे कुणी तरी जवळ उभं असताना आधी शिकून घ्यावं. आणि बाण न लावता दोरी सोडणं दोन्ही धनुष्यांना वर्ज्य. बाणाला मिळायची ऊर्जा मग पात्यांतच फुटते.

झेपतं की नाही, याची चाचणी सोपी आहे. खुर्चीत बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य लक्ष्याकडे धरा आणि वर न नेता सरळ मागे ओढा. आभाळाकडे नेऊन हिसका द्यावा लागला, तर पौंड उतरवा. कंपाउंडमध्ये पात्यांचे बोल्ट सैल करून हे काही पौंडांपर्यंत जमतं (किती फेरे चालतात, ते त्या धनुष्याच्या माहितीपत्रकात पाहा). रिकर्व्ह घ्यायचं, तर पाती बदलता येणारं घ्या आणि २५-३० पौंडांवर सुरुवात करा. शिकारीची पाती नंतर चढवता येतात. पहिले काही आठवडे चार-पाच पावलांवरून कोऱ्या लक्ष्यावर मारा, नेम न धरता. तेव्हा लक्ष फक्त ओढ, हनुवटीजवळची हाताची जागा आणि बोटं सुटणं यांवर.

बाण निवडताना तोच घोळ पुन्हा भेटतो. बाणावरचा ५०० किंवा ४०० हा आकडा वाकण्याचा: २८ इंचांवर टेकवलेल्या दांड्याच्या मध्यावर १.९४ पौंड टांगले आणि तो अर्धा इंच वाकला, तर ५००. आकडा लहान तितका बाण ताठ. बाण निवडायच्या तक्त्यात रिकर्व्हवाल्याने छापलेले पौंड शोधू नयेत. स्वतःच्या ओढीवर वजनकाट्याने मोजलेले पौंड घ्यावेत. कंपाउंडवाल्याने मात्र ९ नव्हे, ४५ च पाहायचे.